वाचायला शिकताना मेंदूत काय घडते, आणि बाराखडीला किती वेळ द्यावा?

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

पहिलीतले मूल दिवाळीच्या सुट्टीपर्यंत घडाघडा वाचू लागले पाहिजे, अशी अपेक्षा हल्ली कोल्हापुरातल्या पालकसभांमध्ये सर्रास ऐकू येते. शेजारच्या मुलाचा दाखला दिला जातो, इंग्रजी माध्यमातल्या भाच्याचा दिला जातो आणि मग आमचेच पोर मागे का, असा प्रश्न येतो. प्राथमिक शाळेत शिकवणारी म्हणून या घाईबद्दल माझे मत स्पष्ट आहे. देवनागरी वाचायला शिकण्यास लागणारा वेळ मेंदूच्या आणि लिपीच्या घडणीवर ठरतो. त्यावरून मुलाच्या बुद्धीचे माप काढणे चूक आहे. हे मत निव्वळ अनुभवाच्या भरवशावर सोडू नये म्हणून वाचनाच्या मेंदूशास्त्रातले जे पक्के आहे ते येथे मांडते. लेख लांबला आहे, पण विषयच तसा आहे.

बोलणे मुलाला कोणी मुद्दाम शिकवत नाही. भोवती बोलणारी माणसे असली की ते येते. वाचन मात्र शिकवल्याशिवाय येत नाही. लेखनाचा इतिहास जेमतेम पाच हजार वर्षांचा, आणि सर्वांनी वाचावे ही कल्पना तर कालपरवाची. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले ते १९१७ साली; म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात अक्षर शिरून चार-पाच पिढ्याही झालेल्या नाहीत. एवढ्या अल्प काळात उत्क्रांतीने मेंदूत वाचनासाठी स्वतंत्र भाग घडवला असेल, हे संभवत नाही. मग प्रत्येक पिढीतले मूल वाचते ते कशाच्या जोरावर?

डोळ्याच्या दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटींहून अधिक प्रकाशसंवेदी पेशी असतात, पण त्यांची माहिती मेंदूकडे नेणारे मज्जातंतू असतात सुमारे १० लाख. म्हणजे निवड आणि गाळणी डोळ्यातच सुरू होते. पुढे दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या तंतूंपैकी जवळजवळ अर्धे वाट ओलांडून पलीकडे जातात, त्यामुळे नजरेच्या डावीकडचे दृश्य मेंदूच्या उजव्या गोलार्धात आणि उजवीकडचे डाव्या गोलार्धात पोहोचते. डोक्याच्या अगदी मागच्या भागात, पश्चखंडात, ही माहिती उतरते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९५९ पासून प्रसिद्ध केलेल्या मांजरांवरील प्रयोगांत असे दिसले की येथील पुष्कळ पेशी ठरावीक कोनातल्या रेघेलाच प्रतिसाद देतात. एखादी उभ्या रेघेला, एखादी तिरक्या. या कामासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्या टप्प्यांवर रेघांचे कोपरे, कोपऱ्यांचे आकार आणि आकारांच्या वस्तू होत जातात. 'ग' हे अक्षर म्हणून ओळखू येण्याआधी शिरोरेषा, उजवीकडचा दंड आणि डावीकडची गाठीची रेघ एवढाच मजकूर मेंदूच्या हाती असतो.

वाचन शिकलेल्या माणसात याच वाटेवर, डाव्या गोलार्धाच्या तळाशी, पश्चखंड आणि शंखखंड (कानाजवळचा भाग) जेथे भेटतात तेथे एक छोटी जागा लिखित शब्दांना विशेष प्रतिसाद देते. लॉराँ कोएन आणि स्तानिस्लास देहान या फ्रेंच शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तिचे वर्णन केले. लिपी रोमन असो, चिनी असो वा हिब्रू, ही जागा थोड्याफार मिलिमीटरच्या फरकाने तीच राहते. जन्मांध व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचत असतानाही तीच जागा सक्रिय होते, असे २०११ मध्ये दिसून आले, आणि मला तर हा सर्वांत विलक्षण निष्कर्ष वाटतो. निरक्षर माणसात हा भाग रिकामा पडलेला नसतो. चेहरे, वस्तू आणि बारीक आकार ओळखण्याचे काम तो करत असतो. वाचन शिकताना त्याच पेशींना नवे काम मिळते. जुन्या वाड्याच्या सोप्यात दुकान थाटावे, तसा हा प्रकार आहे: भिंती, खांब आणि उंबरा जुनेच राहतात, आणि दुकानाला त्या मापात बसावे लागते.

लिप्याही त्या मापात बसत आलेल्या आहेत. मार्क चँगीझी आणि शिन्सुके शिमोजो यांनी जगातल्या शंभराहून अधिक लिप्या तपासल्या, तेव्हा एका अक्षरात सरासरी सुमारे तीन रेघा आढळल्या. रेघा एकमेकींना ज्या प्रकारे भेटतात, त्यांतले कोणते प्रकार अधिक आणि कोणते विरळ, याचे प्रमाण निसर्गातल्या दृश्यांशी जुळते असेही दिसले. झाडाची फांदी खोडाला जेथे मिळते तो कोन डोळ्याला आधीच ओळखीचा असतो. अक्षराने तोच उसना घेतला.

परंतु आकार ओळखला म्हणजे वाचन झाले नाही. त्या जागेपासून उच्चाराच्या आणि अर्थाच्या केंद्रांपर्यंत पक्क्या वाटा तयार व्हाव्या लागतात. ब्राझील आणि पोर्तुगाल येथील ६३ प्रौढांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेले आणि लहानपणापासून वाचणारे, अशा तीन गटांची तुलना केली होती. साक्षरांमध्ये दृष्टीची केंद्रे तर बदललेली होतीच, पण कानावर पडणारे बोलणे ऐकतानाही त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद वेगळा होता. वाचन शिकलेला माणूस ऐकतोही निराळ्या रीतीने, हे त्यातून दिसते.

आता आपल्या लिपीकडे वळते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलापुढे २६ अक्षरांची लहान-मोठी रूपे असतात. मराठी मुलापुढे बाराखडीचेच चारशेच्या वर आकार असतात, आणि जोडाक्षरे त्याखेरीज. शिवाय स्वरचिन्ह व्यंजनाच्या वर, खाली, पुढे आणि मागे, चारही बाजूंना बसते. 'किती' हा शब्द पाहा: उच्चारात 'इ' नंतर येते, पण डोळ्याला वेलांटी आधी भेटते. 'धर्म' वाचताना दुसरीतली कितीतरी मुले 'धमर' म्हणतात, आणि ते निष्काळजीपणाने म्हणत नाहीत. रफार 'म' च्या डोक्यावर बसलेला असल्यामुळे डोळ्याला 'म' आधी दिसतो आणि 'र' नंतर. एकटा 'र' च घ्या. 'क्रम', 'ट्रक', 'कर्ज' आणि 'सुऱ्या' या चार शब्दांत तो चार वेशांत येतो. आपल्या गावाच्या नावातसुद्धा 'ल्हा' हे जोडाक्षर आहे, आणि पहिलीचे मूल ते चित्रासारखे पाठ करून लिहिते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर आपली लिपी उदारही आहे. एकदा चिन्हे बसली की मूल न ऐकलेला शब्दही बहुधा बरोबर उच्चारते. इंग्रजीत ही सोय नाही. म्हणजे आपल्याकडे चढ आरंभी अधिक आहे आणि पुढे सपाटी आहे. चढावरच मुलाला धाप लागली म्हणून त्याला मंद ठरवणे, यावर माझा आक्षेप आहे. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

मंगळवारपेठकर

ताई, लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु एका मुद्द्यावर असहमत आहे. आपण मोठी माणसे अक्षर अक्षर वाचत नाही. महाद्वार रोडवरून दुचाकीवर जाताना दुकानांच्या पाट्या वाचल्या जातात त्या एका दृष्टिक्षेपात, अख्ख्या शब्दाच्या आकारावरून. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनाचा हवाला देणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. त्यात शब्दांतली मधली अक्षरे उलटसुलट केलेली असतात आणि तरीही तो सहज वाचता येतो. मग मुलांनाही आरंभापासून अख्खे शब्द चित्रासारखे का शिकवू नयेत? माझ्या नातीला तिच्या आवडत्या बिस्किटाचे नाव शाळेत जाण्याआधीच ओळखता येत होते.

पंचगंगाकाठ

काका, हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. जेम्स कॅटेल यांनी १८८६ च्या सुमारास दाखवले होते की क्षणभर दाखवलेली सुटी अक्षरे जितकी ओळखता येतात, त्यापेक्षा शब्दात गुंफलेली अधिक ओळखता येतात. त्यावरून पुढे अनेक देशांत 'आधी शब्द, मग अक्षर' अशी शिकवण्याची रीत रूढ झाली. परंतु जाणत्या वाचकाला शब्द एका झटक्यात दिसतो, कारण त्याचा मेंदू त्यातली सर्व अक्षरे एकाच वेळी तपासतो. अक्षरे गाळून केवळ बाह्याकृती पाहिली जात असती, तर 'वाट' आणि 'बाट' यांत, किंवा 'घार' आणि 'धार' यांत, आपण सतत फसलो असतो. 'व' आणि 'ब' यांच्यात पोटातल्या एका तिरक्या रेघेचा फरक आहे, आणि तो आपल्या डोळ्यांतून सुटत नाही.

तो केंब्रिजचा संदेश २००३ पासून फिरतो आहे. केंब्रिजमध्ये असे कोणतेही संशोधन झाले नव्हते; तेथील मॅट डेव्हिस या संशोधकांनीच त्याचा पडताळा घेऊन तसे लिहिले आहे. पुढे २००६ मध्ये कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी असा मजकूर लोकांना वाचायला देऊन डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा वाचनाचा वेग प्रत्येक प्रकारात घटलेला आढळला. मराठीत तर हा खेळ लवकर उघडा पडतो. 'कोपूल्हार' हे कोल्हापूर म्हणून आपण ओळखतो, कारण मात्रा आपापल्या व्यंजनाला धरून राहिलेल्या आहेत. त्या सोडवून इतर अक्षरांना लावल्या की काहीच उमगत नाही.

अख्खा शब्द चित्रासारखा शिकवण्याबद्दल २०१५ चा एक प्रयोग बोलका आहे. युलिया योंचेवा, ब्रूस मॅककँडलिस आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना एक नवी, मुद्दाम बनवलेली लिपी शिकवली. काही शब्द चिन्हाला ध्वनी जोडून शिकवले आणि काही अख्खे पाठ करून घेतले. पहिल्या प्रकारचे शब्द वाचताना डाव्या गोलार्धातील, म्हणजे कुशल वाचकाच्या बाजूची, केंद्रे काम करताना दिसली. दुसऱ्या प्रकारात काम उजवीकडे झुकले. नव्या शब्दांना सामोरे जाण्याची वेळ आली तेव्हा ध्वनीची जोड उपयोगी पडली, पाठांतर पडले नाही. आपल्या नातीने बिस्किटाचे नाव ओळखले हे कौतुकाचेच आहे, पण तिने रंग आणि वेष्टन ओळखले असण्याची शक्यता अधिक. तेच नाव पाटीवर खडूने लिहून एकदा विचारून पाहा.

चष्म्याचा नंबर

माझा व्यवसाय चष्म्यांचा आहे, म्हणून डोळ्यांच्या अंगाने थोडी भर घालतो. दुकानात येणारे पालक सांगतात, की मुलाला वाचायचा कंटाळा आहे, नंबर बघा. तपासणी अवश्य करावी; फळ्यावरचे न दिसणारे मूल मागच्या बाकावर बसून वर्षानुवर्षे 'ढ' ठरते. पण नंबर नसताना किंवा बरोबर चष्मा लावूनही वाचन अडत असेल, तर अडथळा डोळ्याच्या पुढे कोठेतरी आहे.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर त्या नखाच्या रुंदीएवढा, सुमारे २ अंशांचा, भाग तेवढाच आपल्याला अगदी स्पष्ट दिसत असतो. बाकी सर्व धूसर असते, फक्त ते जाणवत नाही. म्हणून वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. पॅरिसमधील नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे जगापुढे आणले. प्रत्येक थांबा सुमारे पाव सेकंदाचा असतो, आणि उडी चालू असताना मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो. नाहीतर प्रत्येक ओळ फिरत्या चक्रासारखी दिसली असती. रोमन लिपी वाचणारा थांब्याच्या डावीकडे तीन-चार आणि उजवीकडे १४-१५ अक्षरांपर्यंतचा उपयोग करून घेतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचली जाते, तेथे ही विषमता उलटते. म्हणजे ही मर्यादा डोळ्याची असती तर ती बदलली नसती. ती लक्षाची आहे आणि लक्ष लिपी शिकवते. शिकाऊ मुलाचे थांबे अधिक आणि लांब असतात. हेही नैसर्गिक आहे. त्यासाठी डोळ्यांचे व्यायाम विकत घेण्याची गरज नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्त निवेदन काढून सांगितले, की डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा यांनी वाचन-अक्षमता बरी होते याला शास्त्रीय आधार नाही.

आणि डोळा शाबूत असूनही वाचन जाऊ शकते, याचे उदाहरण आमच्याच क्षेत्रातून येते. १८८७ च्या ऑक्टोबरात पॅरिसमधल्या एका सुशिक्षित गृहस्थाला अचानक अक्षरे ओळखता येईनाशी झाली. तो एडमंड लँडोल्ट या नेत्रतज्ज्ञाकडे गेला; दृष्टितपासणीसाठी आजही वापरतात ते तुटक्या कड्याचे चिन्ह यांच्याच नावाने ओळखले जाते. डोळे तर अक्षर न ओळखण्याइतके बिघडलेले नव्हते. तो बोलत होता, लिहीत होता, आकडे वाचत होता, पण स्वतःच लिहिलेला मजकूर त्याला वाचता येत नव्हता. मेंदूतज्ज्ञ ज्यूल देजेरिन यांनी त्याचा अभ्यास केला आणि मृत्यूनंतर १८९२ मध्ये मेंदू तपासला, तेव्हा डाव्या पश्चखंडाला आणि दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या मागच्या भागाला इजा झालेली आढळली. त्या गृहस्थाला अक्षराच्या रेषा बोटाने गिरवल्या की मात्र ते ओळखता येई. ताई, हे वाचल्यापासून धूळपाटीवर बोट फिरवून अक्षर घटवून घेणाऱ्या जुन्या पंतोजींकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो आहे.

पंचगंगाकाठ

अतिशय मोलाची भर. गिरवण्याबद्दल एक दुवा जोडते: इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स यांनी सुमारे पाच वर्षांच्या, वाचू न शकणाऱ्या मुलांना काही अक्षरे हाताने काढायला लावली, काही गिरवायला आणि काही कळफलकावर टंकायला. नंतर ती अक्षरे नुसती पाहताना, स्वतः हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी वाचनाची केंद्रे अधिक सक्रिय झाली. आयत्या ठिपक्यांवरून गिरवण्यापेक्षा कोऱ्या पाटीवर वेडेवाकडे काढणे अधिक उपयोगी ठरले, हे विशेष. टॅबवर बोटाने बटण दाबून अक्षरओळख करून देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मोडीवाचक

मी निवृत्तीनंतर मोडी शिकलो आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारातील कागद वाचण्याचा छंद लागला. त्यामुळे पहिलीतल्या मुलाच्या मेंदूत काय होत असेल ते मला पिकल्या वयात अनुभवता आले, असे म्हटले तरी चालेल. मोडीत शिरोरेषा आधी ओढून घेतात आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. वर श्री. चष्म्याचा नंबर यांनी नजरेच्या उड्यांबद्दल लिहिले आहे. मोडीच्या कागदावर आरंभी नजरेला उतरायला जागाच सापडत नाही.

पहिले काही महिने अक्षर अक्षर लावत गेलो. मग 'बितपशील', 'सदरहू', 'येणेप्रमाणे' असे पुनःपुन्हा येणारे शब्द एकदम डोळ्यांत भरू लागले, आणि त्यांच्या आधाराने मधला मजकूर सुटू लागला. इतके पाहून श्री. मंगळवारपेठकरांचेच म्हणणे खरे, असे वाटेल. परंतु गावाचे किंवा माणसाचे अनोळखी नाव आले, की पुन्हा 'क' ला काना, 'ग' ला वेलांटी, असे घोळत बसावे लागते. अक्षरांची ओळख पक्की नसती तर त्या ठिकाणी कायमचा अडकलो असतो. आमच्या गटात काहींनी ठरावीक शब्दांचे आकार पाठ करून झपाट्याने आरंभ केला होता. त्यांची गाडी जमिनीच्या चतुःसीमा आल्या की थांबते.

मंगळवारपेठकर

मोडीचे उदाहरण पटले. नातीची परीक्षाही घेतली. पाटीवर बिस्किटाचे नाव लिहिल्यावर तिने 'आजोबा' असे वाचले. पाठांतराचा मुद्दा मागे घेतो, पण एक शंका उरते. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थाने आणि 'तू जग' या अर्थाने निरनिराळा उच्चारला जातो. लिपीत फरक काहीच नाही. मग केवळ ध्वनी जोडून हे कसे सुटते?

पंचगंगाकाठ

सुटत नाही, आणि म्हणूनच मेंदू दोन वाटा ठेवतो. एक चिन्हावरून ध्वनीकडे आणि तेथून अर्थाकडे. दुसरी ओळखीच्या शब्दावरून थेट अर्थाकडे. 'जग' वाचताना वाक्याचा अर्थ उच्चार ठरवतो. 'घर' मधला शेवटचा 'र' आपण पाय मोडल्यासारखा उच्चारतो, तोही असाच बोलण्याच्या ओळखीतून. ज्या मुलाच्या कानावर भरपूर मराठी पडलेले असते, गोष्टी पडलेल्या असतात, त्याची दुसरी वाट लवकर रुळते. पण पहिली वाट वगळून दुसरी तयार होत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

रंकाळ्याची आई

येथे विचारावे की नाही असे वाटत होते, पण विचारते. आमच्या भागात एका शिबिरात 'मध्य मेंदू जागृत' करून मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतात. प्रात्यक्षिकात एका मुलीने पट्टी बांधून मासिक वाचून दाखवले. शुल्क बरेच मोठे होते आणि ते भरून माझ्या मुलाला काहीही आले नाही. वर मुलाचीच एकाग्रता कमी असे सांगण्यात आले. यात काही तथ्य असते का?

चष्म्याचा नंबर

ताई, तथ्य नाही. डोळ्यांत प्रकाश गेल्याशिवाय छापील मजकूर मेंदूपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नाही. पट्टी कितीही जाड असली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि तिच्यातून खालचे दिसते; म्हणून ही मुले कागद छातीशी, खाली धरतात. फट कापसाने नीट बुजवून, किंवा कागद मुलाच्या कपाळासमोर धरून वाचायला सांगा. वाचन तेथेच थांबते.

पंचगंगाकाठ

यात आणखी वाईट हे की मुलाला फटीतून बघून 'मला दिसते' असे सांगायची सवय लागते. आपल्या मुलाने तसे केले नाही, तर त्याची एकाग्रता कमी नसून प्रामाणिकपणा जास्त आहे, असे समजा.

गंमत अशी की मध्य मेंदूचा वाचनाशी संबंध खरोखरच आहे. तेथील एक भाग नजरेच्या उड्या नियंत्रित करतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून भारतीय आणि युरोपीय संशोधकांनी त्यांच्या मेंदूची आधीची व नंतरची छायाचित्रे ताडून पाहिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नजर हलवणारा तो भाग, त्याच्या वरचा थॅलॅमस (डोळ्यांकडून आलेली माहिती पुढे धाडणारा भाग) आणि पश्चखंडातील दृष्टिकेंद्रे यांचा मेळ वाढलेला आढळला. ज्यांना विशी-तिशी उलटल्यावर पाटी हातात मिळाली, त्यांचा मेंदू अर्ध्या वर्षात इतका बदलला. पण तो उघड्या डोळ्यांनी क, ख, ग गिरवून बदलला. मोठ्या माणसांना आता काय येणार, असे म्हणणाऱ्यांनाही हे सांगण्यासारखे आहे. याच गटाने २०१९ मध्ये आणखी मोठ्या संख्येने लोक तपासले आणि वाचन शिकल्यामुळे चेहरे ओळखण्याची जागा उद्ध्वस्त होते, या शंकेला आधार सापडला नाही.

शिवाजी पेठ

माझा मुलगा दुसरीत आहे. तो ३ आणि ६ यांची अदलाबदल करतो. 'थ' आणि 'य' यांतही गोंधळतो. घरात सर्वजण घाबरले आहेत. ही वाचन-अक्षमता समजायची का?

पंचगंगाकाठ

एवढ्यावरून तसे समजू नये. एकच गाय डावीकडे तोंड करून उभी असो की उजवीकडे, ती तीच गाय आहे हे मेंदूला जन्मजात कळते, आणि जंगलात ते उपयोगीही होते. अक्षरांच्या जगात मात्र हीच समजूत आड येते. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून तर आपल्याकडे छत्तीसचा आकडा म्हणतात. मुलाच्या मेंदूला अजून ती पाठ आणि ते तोंड वेगळे मोजायची सवय लागलेली नसते. जगभरातली मुले पाच-सहा वर्षांच्या वयात अक्षरे आरशातल्यासारखी काढतात आणि वाचनाचा सराव झाला की बहुतेकांची ती खोड जाते. 'थ' आणि 'य' चा गोंधळ निराळा आहे. तेथे बारीक गाठ नजरेतून सुटते आणि ती हाताने काढूनच पक्की होते.

काळजीची चिन्हे वेगळी आहेत. तोंडी हुशार असलेल्या मुलाला 'कमळ' मधला पहिला ध्वनी सांगता येत नसेल, यमके जुळवता येत नसतील, पुरेसा सराव होऊनही रोजची अक्षरे दरवेळी नव्याने लावावी लागत असतील, आणि घरात आणखी कोणाला लहानपणी असाच त्रास झाला असेल, तर तपासणी करून घ्यावी. वाचन-अक्षमतेचे मूळ बहुधा ध्वनी सुटे करण्यात असते, नजरेत क्वचितच. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली 'डाली' ही चाचणी २०१५ पासून मराठीतही उपलब्ध आहे. इंग्रजीत चाचणी घेऊन मराठी मुलाचे निदान करण्यापेक्षा ती शेकडो पटींनी बरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलतीही मिळतात. मात्र आपल्या मुलाच्या बाबतीत, जे लिहिले आहे तेवढ्यावरून, मला घाई दिसत नाही.

निपाणीकर

आमच्याकडे सीमाभागात मुले मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या शिकतात, म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. 'कि' कन्नडमध्ये मुलांना सोपे जाते, कारण तेथे वेलांटी व्यंजनाच्या आधी येत नाही. ती अक्षराच्या डोक्यावरच वळते. मराठीत आल्यावर तीच मुले वेलांटी शेवटी काढतात आणि मग ती घुसवायला जागा उरत नाही. 'धर्म' मात्र दोन्हीकडे अडते. कन्नडमध्ये 'र' चे चिन्ह 'म' च्या उजवीकडे, म्हणजे आणखी उशिरा येते. एका लिपीत ही युक्ती कळलेल्या मुलाला दुसरीत फार समजवावे लागत नाही, हेही पाहिले आहे.

पंचगंगाकाठ

हे निरीक्षण माझ्या मूळ मुद्द्याला थेट भिडते. बेंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखवले, की अक्षरांचा पूर्ण संच हाती यायला इंग्रजीतल्या मुलांपेक्षा बराच अधिक काळ जातो आणि हे शिक्षण चौथीपर्यंत चालू राहते. कन्नडची घडण आपल्यासारखीच: व्यंजनात अंगभूत 'अ', भोवती स्वरचिन्हे, आणि जोडाक्षरांचा मोठा परिवार. आपल्या मुलांकडून दिवाळीपर्यंत घडाघडा वाचनाची अपेक्षा करणाऱ्यांपुढे हा अभ्यास ठेवता येतो.

आपल्याकडची मुले दोन लिप्या एकाच वर्षी सुरू करतात की एक आधी आणि दुसरी नंतर? आणि रफाराची ती युक्ती त्यांना प्रथम कोणत्या लिपीत उमगते? माझ्या वर्गात यंदा निपाणीहून आलेल्या दोन मुली आहेत. सोमवारी 'धर्म', 'कर्ज' आणि 'सूर्य' हे तीन शब्द त्यांना आणि इतर मुलांना वाचायला देऊन काय फरक पडतो ते येथे कळवते.

निपाणीकर

बहुतेक शाळांत माध्यमाची लिपी पहिलीत आणि दुसरी नंतर. पण घराबाहेरच्या पाट्या दोन्ही लिप्यांत असल्याने मुलांची ओळख आधीच झालेली असते. 'सूर्य' ऐवजी 'वर्ग' द्या, ताई. 'सूर्य' त्यांना पाठ असतो.